किती पानं धरायची?

मार्च उलटला, ऊन टाचा भाजायला लागलं, की नांदेडात माझ्या पार्लरचं काचेचं दार सारखं ढकललं जातं. आत येणारी बाई आधी पंख्याखाली उभी राहते, पदरानं मान पुसते, भिंतीवरचे नवरीचे फोटो बघते. मी दर सांगितला की तिचा चेहरा असा पडतो, जणू मी तिची किडनीच मागितली. पुढचं सगळं मला पाठ आहे. "ताई, लई सांगून राहिल्या तुमी." "काहीतरी कमी करा की." "आमी का परके हाव?" या बाईला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत असते. परवा नायगावकडच्या एक मावशी आल्या होत्या, लेकीचं लग्न बारा दिवसांवर आलेलं. पोरीची हनुवटी धरून तिचं तोंड माझ्याकडं वळवलं आणि म्हणाल्या, "पोरगी आमची मुळातच गोरी हाय. तुमची पावडर तरी किती लागनार?" मला हसू आलं. हसले म्हणून दर खाली आणावा लागला, कारण एकदा हसलं की मग अडून बसता येत नाही.

राग येत नाही असं नाही. फार येतो. पण तो दुपारी दोनच्या उन्हात येतो आणि तेव्हा पुढ्यात एक नवरी डोळे मिटून बसलेली असते. तिच्या पापणीवर हात थरथरून चालत नाही.

रस्त्यापलीकडं मंगल कार्यालय आहे. सकाळी नऊच्या सुमाराला तिकडून फोडणीचा वास येतो. आधी कांदा, मग वांग्याच्या भाजीचं तीळ-खोबऱ्याचं वाटण, आणि अकराच्या आसपास, कुणी जुन्या वळणाचा यजमान असेल तर, गुळाचा. गूळ गव्हात पडला की एक जड, ओलसर, थोडा जळकट वास उठतो. तो वास आला की माझा हात थांबतो. नवरीच्या एका डोळ्यात काजळ घालून झालेलं असतं, दुसरा कोरा असतो, आणि मी खिडकीकडं बघत उभी असते. नवरी विचारते, "ताई, झालं का?" मी म्हणते, झालंच.

अण्णा म्हणजे माझे वडील. गणपत आचारी. जळकोट तालुक्यातलं आमचं गाव, उदगीरजवळ, कर्नाटकाच्या सीमेकडं, त्यामुळं गव्हाच्या खिरीला आमच्याकडं अर्धे लोक हुग्गी म्हणतात. अण्णांची खीर त्या पट्ट्यात माहीत होती. गहू भिजवून, कांडून, कोंडा पाखडून, मोठ्या कढईत तासन् तास शिजायचा. अण्णा माणसाच्या उंचीचं लाकडी उलथनं घेऊन कढईभोवती फिरत राहायचे. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय चव घ्यायची नाही हा त्यांचा नेम. त्यामुळं गूळ बरोबर पडला की कमी, सुंठ पुरे की अजून हवी, हे सगळं वासावर. कढईवर झुकून, डोळे मिटून ते एक खोल श्वास घ्यायचे. मग म्हणायचे, "उतरवा." बस. चुलीच्या धगीनं त्यांच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत एक केस राहिला नव्हता. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्या वडिलांचे हात असेच असतात.

चैत्र ते ज्येष्ठ अण्णा घरी पाहुण्यासारखे यायचे. यायचे, आंघोळ करायचे, ओला टॉवेल डोक्यावर टाकून भट्टीसारख्या तापलेल्या पत्र्याच्या घरात झोपायचे, आणि चार वाजता पुन्हा कुणाची तरी जीप दारात. त्यांच्या सदऱ्याला धूर, कांदा आणि तूप यांचा वास असायचा. माय तो सदरा सोड्यात भिजवायची आणि तरी वास जायचा नाही. पावसाळ्यात, धंदा बंद असताना, तो वास हळूहळू कमी व्हायचा आणि मला उगाच चुकल्यासारखं वाटायचं.

त्या काळी आमच्याकडं रीत अशी होती की किराणा यजमान आणायचा. आचारी नुसती यादी द्यायचा आणि मजुरी घ्यायचा. म्हणजे अण्णा विकायचे काय, तर हात आणि अंदाज. यजमान दारात आला, पाणी पिऊन झालं, की अण्णा कानामागची पेन्सिल काढायचे आणि पहिला प्रश्न विचारायचे, "किती पानं धरायची?" पान म्हणजे जेवणारा माणूस. आणि इथं खरी गंमत सुरू व्हायची. यजमानाच्या मनात सातशे असले तर तो पाचशे सांगायचा. कारण आकडा वाढला की सामान वाढतं, मजुरी वाढते. आणि अण्णा पाचशे ऐकून सातशेची यादी लिहायचे, कारण यजमान कमी सांगतो हे त्यांना माहीत. आणि अण्णा वाढवून लिहितात हे यजमानाला माहीत, म्हणून तर तो कमी सांगायचा. दोघंही एकमेकांकडं बघून मान डोलवायचे. यात खोटं कुणीच बोलत नव्हतं, असं अण्णांचं ठाम मत होतं. एवढी वर्षं असंच चालत आलं होतं आणि कुणी उपाशी उठलं नव्हतं.

मी चिडायचे. दहावी-बारावीतली पोर, मला सगळं जग सरळ करायचं होतं. म्हणायचे, अण्णा, सरळ सांगा ना, एवढ्या लोकांना एवढं लागतं, एवढी मजुरी पडंल. घ्यायचं तर घ्या. अण्णा हसायचे. "यजमान घाबरलेला असतोय पोरी. लेकीचं लगीन म्हनल्यावर चहूकडून खर्च. येका जागी तरी आपन कमी करून घेतलं, येवढी तसल्ली त्याला लागू द्यावी." तसल्ली. हा शब्द ते नेहमी वापरायचे. दुसऱ्याची तसल्ली ही आपल्या मजुरीतून द्यायची गोष्ट आहे, हे त्यांना अगदी साहजिक वाटायचं.

आता मी स्वतः या धंद्यात आहे तेव्हा कधीकधी बसून विचार करते, की माणसं नेमकं कशाचा भाव करतात. लिपस्टिकच्या डबीवर छापलेली किंमत कुणी पाडून मागत नाही. सराफाकडं जाऊन सोन्याचा दर कुणी कमी करायला सांगत नाही, तो तर फळ्यावर लिहिलेला असतो. पण घडणावळ? ती सोडा म्हणतात. "नुसतं हाताचं तर काम हाय, त्यात तुमचं काय जातंय?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता झोपेतही ओळखेन. हाताचं काही जात नाही असा सगळ्यांचा समज आहे. माझ्या मनगटात दोन वर्षांपासून कळ येते. ती मी कुणाला दाखवणार?

आणि ज्यांच्यावर चिडायचं त्या तरी कोण असतात? सोयाबीन घेऊन आडतीत जाणाऱ्या, तिथं कुणी तिसराच दर ठरवतो आणि या मुकाट्यानं पोती उतरवतात. नवऱ्याच्या पगारातून कापून कापून साठवणाऱ्या. आयुष्यात सगळे भाव यांना दुसऱ्यांनी सांगितलेले. माझ्या खुर्चीसमोर उभं राहून "काहीतरी कमी करा" म्हणायचं, आणि समोरचीनं खरोखर कमी करायचं, हे एवढंच त्यांच्या हातात येतं. हे कळतं म्हणून राग जातो असं मात्र नाही. उलट तो कुठं ठेवावा हे कळेनासं होतं. आणि मी तरी कुठली साधू? मोबाईल दुरुस्त करणाऱ्याला मागच्याच आठवड्यात म्हणाले, "दोन स्क्रू तर काढले, त्याचे एवढे?" त्यानं कमी घेतले. घरी येईपर्यंत मला बरं वाटत होतं, तेच वाईट.

ती एक लग्नसराई मात्र माझ्या मनातून जात नाही. माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. आता ती लातूरला बारावीच्या क्लासला आहे. मे महिन्यात मी तिला घेऊन माहेरी गेले होते. त्या साली ऊन असं होतं की दुपारी अंगणातल्या बादलीतलं पाणी चहाला चालावं. आणि अण्णा घरी होते. भर सराईत घरी. खाटेवर बसून ते दारातून रस्त्याकडं बघायचे. लातूरहून, उदगीरहून कॅटरिंगवाले यायला लागले होते. एकसारख्या टोप्या, टेबलावर पांढरं कापड, ताटामागं दर, सामानही त्यांचंच. लोकांना ते आवडलं होतं. अण्णांची पाच-सहा जुनी घरं त्या साली तिकडं गेली. माय सांगत होती, "सगळ्या सराईत चार लगनं झाली आपली." तिनं ते बोटांवर न मोजता सांगितलं.

अशात किशनराव गुत्तेदार आले. गुत्तेदार म्हणजे रस्त्याची, नालीची कामं घेणारे. वरून सरकार दर पाडतं आणि खाली हे मजुरांचा पाडतात, त्यांची सगळी हयात त्यातच गेलेली. माणूस वाईट नव्हता. येताना त्यांनी माझ्या मुलीला बिस्किटाचा पुडा आणला होता. धाकट्या लेकीचं लग्न, सराईतला शेवटचा चांगला मुहूर्त. अण्णांनी पेन्सिल काढली आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"पाचशे," किशनराव म्हणाले. "येक जास्त न्हाई, येक कमी न्हाई."

"मालक, दोन्ही गावं तुमच्या सोयरिकीची. सातशे धरू का?"

"हेच! तुमी आचारी लोक वाढवूनच लिवतेत, मला का ठावं न्हाई? ह्या बारीला वाढवायचं न्हाई. पत्रिका मोजून वाटल्यात मी. इमानानं सांगतो गणपतराव, पाचशे म्हनजे पाचशे."

अण्णांनी यादी लिहून काढली, तशी किशनरावांनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि आपल्या खिशातल्या पेनानं गहू, गूळ, तांदूळ, तेल, एकेक आकडा खोडत त्याच्या शेजारी छोटा आकडा लिहीत गेले. अण्णांच्या यादीला दुसऱ्या कुणाचं पेन लागलेलं मी पहिल्यांदा बघत होते. सहा माणसं कशाला, चौघं करतेत, असं म्हणून दोन माणसं खोडली. शेवटी मजुरीवर आले. "उदगीरच्या क्याटरिंगचा दर काढून आलोय मी. तुमी आपले गावचे म्हनून तुमच्या दारात आलो, न्हाईतर काय कमी हाय का त्यायची?" आणि त्यांनी एक रक्कम सांगितली. ती ऐकून आतल्या दारात उभ्या असलेल्या मायनं मान हलवली. नको, असं. अण्णांनी ते पाहिलं. मग ते किशनरावांकडं वळून म्हणाले, "बरं मालक. तुमी म्हनाल तसं."

ते गेल्यावर माय म्हणाली, "नको म्हनायचं हुतं."

"नको म्हनलं तर पुढल्या साली कोन येतंय?" अण्णा म्हणाले. "पैशाचं जाऊ दे. नाव घेनारं तरी कुनी राहावं."

नाव. अण्णांकडं त्याशिवाय दुसरं काही नव्हतं, जमीन नव्हती, दुकान नव्हतं. या गावापासून त्या गावापर्यंत "गणपतची खीर" एवढे दोन शब्द. ते टिकवायला त्यांनी ती यादी घेतली. आणि आयुष्यात पहिल्यांदा, यजमानानं इमानाची भाषा केली म्हणून, त्यांनी खोडलेलं पुन्हा वाढवून लिहिलं नाही.

दोन माणसं कमी पडत होती, म्हणून मुलीला शेजारणीकडं ठेवून पुऱ्या लाटायला माय आणि मी गेलो. फुकट, अर्थात. कमी केलेल्या दराची बाकी कुठून तरी भरून निघावीच लागते आणि ती बहुतेक वेळा घरातल्या बायकांतून निघते.

माळावर मांडव होता. वारा सुटला की मांडवाचं कापड फडफडायचं आणि चुलीचा धूर आमच्यावर यायचा. मी लाटत होते, माय तळत होती. सनई वाजवणाऱ्या कर्ण्याचं तोंड नेमकं आमच्याकडं होतं, त्यामुळं आम्ही खुणांनी बोलत होतो. अण्णा कढईवर झुकले, डोळे मिटले, श्वास घेतला आणि हात वर केला. खीर उतरली. मला अजून आठवतं, इतक्या धुरातही त्या क्षणी त्यांचा चेहरा अगदी निवांत होता.

आमच्याकडं एक रिवाज होता. खिरीची कढई उतरली की पहिला डबा आचाऱ्याच्या घरचा. घरची यजमानीण स्वतः यायची, चुलीला हळदकुंकू वाहायची आणि डबा भरून मायच्या हातात द्यायची. त्या दिवशी कुणी आलं नाही. गडबड असेल. मायनं वाट पाहिली, मग आपल्या पिशवीतला लहानसा डबा काढला, दोन पळ्या खीर घातली, झाकण लावलं आणि माझ्या मुलीसाठी म्हणून पिशवीत ठेवला. मी ते पाहिलं. त्यात बघण्यासारखं काही होतं असं मला वाटलंच नाही.

अक्षता पडल्या. पहिली पंगत बसली आणि छान उठली. दुसरी बसली, आणि अण्णा कपाळावर हाताची सावली धरून रस्त्याकडं बघायला लागले. टेम्पो येत होते. एकामागं एक. माणसं उभी असलेले टेम्पो, जीप, मोटारसायकली, धुळीतून उतरणाऱ्या बायका, लेकरं. पत्रिका मोजून वाटल्या होत्या, खरं असेल. पण आमच्याकडं लग्नाला पत्रिका बघून कोण येतं? गावाला सांगावा गेला की गाव येतं. हे किशनरावांना माहीत नव्हतं असं मी मानत नाही. त्यांना फक्त हे माहीत होतं की अण्णा वाढवून लिहितात. कितीही बजावलं तरी वाढवतीलच, नेहमीसारखे. आणि अण्णांनी त्यांचा शब्द खरा धरला होता.

वरणात पाणी गेलं. मग आणखी पाणी. खिरीची पळी अर्धी झाली. अण्णांनी तांदूळ मागवले, माणूस मोटारसायकलवर जळकोटला पळाला. तिसरी पंगत बसली ती तशीच बसून राहिली. रिकाम्या पत्रावळीपुढं हात मांडीवर ठेवून बसलेली ती रांग मला विसरता येत नाही. मग नवरदेवाचे मामा उठले. ते उठल्यावर त्यांच्या बाजूची सगळी रांग उठली.

किशनराव धावत आले. व्याही समोर, विहीण समोर, नवरीमुलगी पाटावरून मान वळवून बघत होती. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. माणूस बुडताना हाताला येईल ते धरतो. त्यांच्या हाताला अण्णा आले. "आचाऱ्यानं घात केला," ते ओरडले. "आठशेचं सामान भरून दिलतं मी. आठशेचं! कुठं गेलं?" कुणीतरी मायची पिशवी उचलून आणली. डबा निघाला. झाकण उघडलं गेलं. दोन पळ्या खीर होती ती, पण एवढ्या लोकांसमोर उघडल्यावर ती चोरीच दिसली. मलासुद्धा दिसली, क्षणभर. त्याची लाज मला अजून आहे.

किशनरावांच्या हातानं खोडलेली यादी अण्णांच्या खिशात होती. मी तोंड उघडलं. अण्णांनी माझं मनगट दाबलं, इतकं जोरात की त्या बिनकेसांच्या हाताची ऊब मला जाणवली. मग ते पुढं झाले आणि व्याह्यांसमोर हात जोडून म्हणाले, "यजमानाचा कसूर न्हाई. अंदाज माझा चुकला. माफी असावी."

परत येताना टेम्पोत रिकामी कढई आणि आम्ही तिघं. मी रडत होते, रागानं. विचारलं, का नाही दाखवली यादी? अण्णांनी सरकणारी कढई पायानं अडवली. मग म्हणाले, "त्या लेकराला त्याच घरात नांदायचं हाय. बाप मांडवात खोटा पडला असता तर जलमभर ऐकलं असतं तिनं." आणि थोड्या वेळानं, जवळजवळ स्वतःशीच, "बाकी अंदाज चुकलाच की माझा. मी त्याचं खरं धरलं." माय रस्त्याकडं बघत होती. डबा तिथंच राहिला होता. त्याबद्दल ती नंतरही कधी बोलली नाही.

खीर चांगली झाली ही गोष्ट दोन गावांच्या पुढं जायला अण्णांना वीस वर्षं लागली होती. सामान घरी नेणारा आचारी ही गोष्ट आठ दिवसांत अहमदपूरपर्यंत गेली. पुढच्या साली कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या साली एक जण आला आणि म्हणाला, "तुमचं नाव खराब झालंय मामा, तवा निम्म्यात करा." अण्णांनी निम्म्यात केलं. वाढवून यादी लिहिली, वेळेत वाढलं, काही कमी पडलं नाही. तरी त्या घरातल्या बाया उठून उठून आमच्या पिशव्यांकडं बघत होत्या. त्यानंतर अण्णांनी स्वतःचं काम घेणं सोडलं. उदगीरच्या कॅटरिंगवाल्याकडं ते कांदे चिरायला जायचे, डोक्यावर ती पांढरी टोपी घालून. मी एकदा त्यांना तसं पाहिलं. टोपी त्यांना मोठी होती. सारखी कपाळावर यायची आणि ते मनगटानं मागं सारायचे.

कधीकधी मनात येतं, अण्णांनी त्या दिवशी "नको" म्हणायला हवं होतं. मग मी स्वतःला विचारते, मी म्हणते का? एकदा म्हणून पाहिलं. लोह्याच्या एका बाईला सगळं समजावून सांगितलं, एवढा वेळ लागतो, एवढं सामान, एवढं शिकावं लागतं. ती शांतपणे ऐकून घेत होती. मला वाटलं, पटलं. ती उठली आणि म्हणाली, "बरोबर हाय तुमचं," आणि पुढच्या गल्लीतल्या पार्लरात गेली. त्यानंतरचे तीन दिवस माझी खुर्ची रिकामी होती. चौथ्या दिवशी आलेल्या बाईला मी तिनं मागायच्या आधीच कमी सांगितलं. यातून सुटायचं कसं, हे मला माहीत नाही. अण्णांनाही माहीत नव्हतं आणि अण्णा माझ्यापेक्षा फार चांगले होते.

या हिवाळ्यात अण्णा गेले. धाकटा भाऊ दिनकर आणि मी, तेरवीचं ठरवायला बसलो. उदगीरचा एक आचारी बोलावला, जुन्या रीतीचा, यादी देणारा. त्यानं वही उघडली आणि विचारलं, "किती पानं धरायची?" दिनकरनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "हजार. अन् खरंच हजार." अण्णांनी ज्यांच्या लेकींची लग्नं जेवू घातली ती गावं मी मनात धरली होती. निदान शेवटच्या जेवणाला तरी ती येतील असं मला वाटत होतं, आणि नुसतं वाटत नव्हतं, मला ते हवं होतं. मजुरी त्यानं सांगितली ती आम्ही दिली. तो थोडा बुचकळ्यात पडला. हजार सांगतायत म्हणजे पंधराशे येणार, असा त्यानं आपल्या सवयीनं हिशेब केला असावा. त्यानं वाढवूनच टाकलं.

दोनशे माणसं आली. फार तर सव्वादोनशे. कुणाच्या मनात काही आकस होता असं नाही. हरभऱ्याची काढणी चालू होती, लोक कामात होते, आणि गणपत आचारी म्हणजे कोण, हे नव्या सुनांना सांगायला म्हाताऱ्या राहिल्या नव्हत्या. दुपारी तीन वाजता शेवटची पंगत बसली, अर्ध्या जागा रिकाम्या. त्या पंगतीत किशनराव होते. काठी टेकत आले होते, नातवाचा हात धरून. मायला नमस्कार केला, अण्णांच्या फोटोला फूल वाहिलं, खाली बसता येत नव्हतं म्हणून त्यांना खुर्ची दिली. त्यांनी मन लावून खाल्लं. मग चुलीकडं बघितलं. तिथं खिरीची कढई होती, खीर काठापासून जेमतेम वीतभर खाली.

"लई उरलं की ग पोरी," ते हळहळून म्हणाले. अगदी मनापासून, घरच्या वडीलधाऱ्यासारखं. "आकडा खरा सांगितला व्हय? आचाऱ्याला खरा आकडा कधी सांगू न्हाई. कमीच सांगावा. ते वाढवतेतच."

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. तिथं काही नव्हतं. लपवलेलं नव्हतं, दडपलेलं नव्हतं. त्यांना आठवतच नव्हतं.

मी पळी भरून त्यांच्या पानात वाढली. "बास, बास," म्हणत त्यांनी हात आडवा धरला. मी आणखी एक वाढली. कढईत अजून पुष्कळ होती.